उन्हावर चालणारं शास्त्र : घ्यावं का?

सरळ मुद्द्यावर येते. मराठी बायबल (आम्ही त्याला शास्त्र म्हणतो) वाचून दाखवणारी तळहाताएवढी पेटी, मागे काळी सौर पट्टी, पुढे स्पीकर, डोक्यावर टॉर्च. आमच्या अचलपूर-परतवाड्याकडच्या ख्रिस्ती घरांत ती आता बऱ्याच ठिकाणी दिसते. सभा असली की पुस्तकांच्या टेबलावरही असतेच. मोबाइलवर हेच सगळं फुकट ऐकता येतं, मग वेगळे पैसे का घालायचे, असं महिला मंडळात मला सारखं विचारतात. आमच्याकडे ही पेटी पेरणी, पावसाळा, वेचणी, उन्हाळा सगळं बघून झाली आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन-तीन कंपन्यांच्या पेट्या मिळतात, आतला माल जवळपास सारखाच, आणि मला तक्रारीही करायच्या आहेत.

घेतली ती सासूबाईंसाठी. मी मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त. आणि आत्याबाईंना (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते) नेमका काचबिंदू. मोतीबिंदू असता तर भिंग बसवून दुसऱ्या दिवशी पट्टी काढली असती. काचबिंदूत डोळ्याची नस सुकते, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून उरलेली सांभाळायची, एवढंच हातात असतं. त्यांची उरलेली आता उजेड-अंधार कळण्यापुरती आहे. एका संजीवन सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकानं त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि "आजी, दिसतंय ना?" म्हणत माइक पुढे केला. आत्याबाई म्हणाल्या, "तुमचा आवाज लय मोठा हाय बाप्पा." मंडपात हशा पिकला. त्याच मंडपाबाहेरच्या टेबलावरून मी ही पेटी उचलली.

मोबाइल का नाही, तर टचस्क्रीन आत्याबाईंच्या कामाचा नाही. बोट कुठे पडलं ते कळत नाही, मध्येच फोन येतो, जाहिरात वाजते, नातू हातातून काढून नेतो. पेटीला खरी बटणं आहेत, दाबली की टक्क वाजतात. बंद केली तिथूनच पुढे सुरू होते, ही सोय मला सगळ्यात आवडली. टॉर्चचाही उपयोग होतो. रात्री मोटार चालू करायला जाताना आमचे हे तीच घेऊन जातात आणि शास्त्र विहिरीवर राहतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी म्हणजे बटणं. पुढचा अध्याय, मागचा अध्याय, पुढचं पुस्तक, मागचं पुस्तक अशी चार बटणं, चारही सारख्याच आकाराची. फरक फक्त रंगाचा. म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी म्हणून विकायचं आणि खुणा रंगाच्या करायच्या! मी 'पुढचा अध्याय'वर फेविक्विकनं तुरीचा एक दाणा चिकटवला, तेव्हा कुठे आत्याबाईंचं काम भागलं. दाणा अधूनमधून निघतो, मग दुसरा लावायचा.

दुसरी, सौर पट्टी उन्हाळ्यात झकास चालते. श्रावणात मात्र चार-चार दिवस ऊन पडत नाही आणि पेटी मान टाकते. सोबत पिन येते, विजेवर चार्ज होते, पण खेड्यात वीज तरी कुठे विचारून येते. तिसरी, आवाज ओसरीवर पुरतो, वावरात पुरत नाही. वेचणीच्या बायांनी "लावा नं सिस्टर" म्हणून एकदा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायला लावली; दहा हात पुढे गेल्यावर वाऱ्यात पत्ता नाही. चौथी, नाट्यमय ध्वनिमुद्रण. वादळ आलं की वादळाचा आवाज, मेंढरं आली की मेंढरं. काही ठिकाणी संगीत इतकं चढतं की येशूचं बोलणं खाली दबतं. लहान पोरांना मजा येते. मला कोरडं वाचन चाललं असतं.

घेण्याआधी एक गोष्ट तपासाच. स्वस्तातल्या पेट्यांमध्ये नुसता नवा करार असतो, २७ पुस्तकं, २६० अध्याय. तो वीसेक तासांत संपतो. पूर्ण ६६ पुस्तकांची मागून घ्या, पैसे थोडे जास्त जातील. बहुतेक लोक म्हणतात जुना करार कोण ऐकतो. आमच्या घरात जे काही हललं ते जुन्या करारानं हललं, ते पुढे सांगते.

त्याआधी ऐकण्याबद्दल. ही पेटी दोन प्रकारे वापरता येते. बऱ्याच घरांत सकाळी लावून देतात, ती दुपारपर्यंत वाजत राहते, घरात भांडी, भांडणं, टीव्ही सगळं चालू. घरात वचन सुरू आहे याचं समाधान मिळतं. असं वापरायचं असेल तर माझा सल्ला आहे, घेऊ नका. आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात दुसरी पद्धत पाडली. एक अध्याय ऐकायचा आणि बंद. मी म्हटलं अजून एक लावू का, तर म्हणाल्या, "बंद कर वं. आता मले इचार करू दे." चार बुकं शिकलेली बाई नाही ती. पण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ, आणि ऐकलेलं डोक्यात घोळवायची सवय जुनी.

त्यांच्यासोबत बसून ऐकताना माझ्या लक्षात आलं की शुभवर्तमानातले, म्हणजे येशूच्या चरित्रातले, आंधळे आधी ऐकतात, दिसणं मागून येतं. यरीहोच्या रस्त्यावरच्या बार्तीमयाला गर्दी कळते, नासरेथचा येशू जातो आहे हे कानावर पडतं आणि तो ओरडायला लागतो. लोक गप्प बस म्हणतात, तो आणखी जोरात ओरडतो, बोलावणं आल्यावर अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध तर आणखी कठीण प्रसंगात. येशू त्याच्या डोळ्यांना चिखल लावून शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो, तेव्हा तो आंधळाच जातो. दिसायला लागल्यावर परत येतो तर येशू तिथे नाही. मग चौकशी, शेजारी, परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे धर्मपुढारी, सभास्थानातून काढतील म्हणून घाबरलेले आईबाप. ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही त्याच्या बाजूनं हा माणूस एवढ्या लोकांसमोर उभा राहतो, शेवटी त्याला हाकलून देतात. त्यानंतर येशू त्याला शोधत येतो. चेहरा पहिल्यांदाच दिसला असेल, आवाज मात्र ओळखीचा असणार. हा अध्याय मी संडे स्कूलपासून वाचत आले, पण हे आवाजाचं आत्याबाईंनी काढलं. मी नव्हे.

आणि त्याच अध्यायाचा शेवट. परूशी विचारतात, आम्हीही आंधळे आहोत की काय? येशू सांगतो, आंधळे असता तर तुम्हाला पाप नसतं, पण आम्हाला दिसतं म्हणता म्हणून ते राहतं. वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे लगेच कळतं. मोतीबिंदूचा पेशंट आपणहून येतो, मला दिसत नाही म्हणतो. काचबिंदूवाला चष्म्याचा नंबर काढायला येतो. त्याची कडेची नजर आधी गेलेली असते, समोरचं स्पष्ट असतं; तक्त्यावरची बारीक अक्षरं फडाफडा वाचतो आणि जाताना दाराच्या चौकटीला धडकतो. तुमची नजर जाते आहे म्हटलं की भांडतो. आम्ही मिशनच्या काळापासूनचे, तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती लोक बहुतेक या दुसऱ्या रांगेतले. वचनं पाठ, बाकावरची जागा ठरलेली, नाताळचं प्रीतिभोजन कोणाच्या हातचं चांगलं होतं तेही ठाऊक. आम्हाला आंधळं कोण म्हणणार?

प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, नेमकं हेच सांगितलं आहे. तुम्ही म्हणता आम्ही श्रीमंत, कशाची कमी नाही. पण तुम्ही आंधळे आहात, माझ्याकडून डोळ्यांत घालायला अंजन विकत घ्या. ते शहर खरंच पैसेवालं होतं. इ. स. ६० च्या भूकंपात पडलं तेव्हा रोमकडून मदत न घेता स्वतःच्या बळावर पुन्हा उभं राहिलं. अशा लोकांना औषध घ्या म्हणणं किती अवघड, हे सिस्टरांना विचारा.

आता आमच्या यांच्याबद्दल. त्यांना विचारूनच लिहिते आहे, "लिही, नाव नको टाकू" म्हणाले. देवळाच्या (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) छताच्या पत्र्यांच्या हिशेबावरून कमिटीत वाद झाला तेव्हापासून त्यांनी उपासना सोडली होती. नाताळ आणि मयत, एवढंच. रविवारी मी तयार होऊन निघाले की हे ओसरीवर बाजेवर. विचारलं की ठरलेलं उत्तर, "माझं देवाशी भांडण नाही, लोकांशी आहे." पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, चहा पिऊन गेले.

एका जुलैत पेरणी झाली आणि पावसानं दडी मारली. दुबार पेरणीची बोलणी सुरू होती, सगळ्यांची तोंडं उतरलेली. संध्याकाळी आत्याबाईंनी पेटी लावली, पुस्तक योएल. लहानसं आहे, तीन अध्याय. यहूदाच्या देशावर टोळधाड आली आहे. एकीनं सोडलं ते दुसरीनं खाल्लं, दुसरीनं सोडलं ते तिसरीनं. गहू गेला, जव गेला, अंजीर, डाळिंब गेलं, ढेकळांखाली बी वाया गेलं, कोठारं ओस पडली, गुरं हंबरतात कारण चारा नाही. हे बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते, उठून बसले.

"हा माणूस शेतकरी होता काय?"

योएल काय करायचा हे मला माहीत नाही म्हटलं. "होताच," हे म्हणाले. "ढेकळाखालचं बी ज्यानं पाहिलं नाही त्याला हे सुचत नाही." मग २०१७ ची गुलाबी बोंडअळी निघाली. त्या वर्षी बोंडं बाहेरून भरलेली दिसत होती, फोडली की आत अळी आणि सडलेली रुई. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. आमच्यावर कर्ज राहिलं. यांना वाटत होतं, या सगळ्याचं देवाकडे काही नसतं, देवळात फक्त आत्म्याचं बोलतात. बोंडाचं, बियाण्याचं, गुरांचं शास्त्रात लिहिलेलं आहे हे त्यांना नव्यानं कळलं.

दुसरा अध्याय मग त्यांनीच लावायला सांगितला. सगळ्या मनानं माझ्याकडे वळा असं परमेश्वर त्यात म्हणतो, आणि कपडे फाडू नका, हृदयं फाडा. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई करीन असं वचनही त्याच अध्यायात पुढे आहे. सभांमध्ये हे शेवटचं वचन फार वापरतात. आधीचं, फाडण्याचं, तेवढं ऐकू येत नाही. पूर्ण अध्याय लागत असल्यामुळे ते गाळता येत नाही, पेटीचा हा एक मोठा गुण. मनाजोगती वचनं वेचून भिंतीवर लावणाऱ्या आमच्यासारख्यांना असं अखंड ऐकणं जड जातं.

तरी हे काही लगेच बदलले वगैरे नाहीत. पुढच्या रविवारी देवळापर्यंत आले आणि फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसून राहिले. नंतर कधीतरी आत, सगळ्यात शेवटच्या बाकावर, उपासना सुटायच्या आधी बाहेर. मार्काच्या आठव्या अध्यायात बेथसैदाचा एक आंधळा आहे, पहिल्यांदा हात ठेवल्यावर त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात, मग येशू पुन्हा हात ठेवतो. दुसरा हात यांच्यावर कधी पडला ते मी सांगू शकते.

सोल्याच्या भाजीचे दिवस होते, म्हणजे थंडी. आत्याबाईंना योहान हवा होता. तुरीचा दाणा निघालेला. त्यांनी अध्यायाऐवजी पुस्तकाचं बटण दाबलं, मग चूक सुधारायला आणखी दाबत गेल्या आणि पेटी जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात जाऊन थांबली, सत्ताविसाव्या अध्यायावर. मोशे लोकांना शापांची यादी देतो तो अध्याय. लेवी, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या कुळातले लोक, एकेक शाप मोठ्यानं म्हणतात आणि सगळे लोक 'आमेन' म्हणतात. मुद्रणात इथे खरोखरच जमावाचा आवाज घातला आहे, आणि इथे मात्र तो शोभतो. शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवणारा शापित असो. आमेन. त्याच्या लगेच खालचं, आंधळ्याला वाट चुकवणारा शापित असो. आमेन. आत्याबाईही जमावासोबत दोन्हीकडे "आमेन" म्हणाल्या, हात जोडून, अगदी मनापासून. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

हे भाकर मोडता मोडता थांबले.

धाकट्या दिरांच्या आणि आमच्या वावरामध्ये जो धुरा आहे तो दरवर्षी वखराच्या एकेका तासानं, म्हणजे एकेका ओळीनं, त्यांच्याकडे सरकत होता. गावात हे सगळेच करतात म्हणून कोणी चोरी म्हणत नाही. दीर दोनदा बोलले होते, आत्याबाईंपुढेही विषय आला होता. हे तिला म्हणाले होते, "माय, तुला दिसत नाही, मी सांगतो ना, धुरा जागच्या जागी आहे." म्हणजे वरचा शापही यांचाच आणि खालचाही. लागोपाठ.

पेटीच्या बटणांत दोष आहे, त्याला मी देवाची योजना म्हणणार नाही. कंपनीनं ती बटणं बदलायलाच हवीत. आत्याबाई योजना म्हणतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी हे भावाकडे गेले. पुढचं सभेतल्या साक्षीत सांगतात तसं झालं नाही. गळाभेट नाही, रडणं नाही. दीर म्हणाले, "यात काय डाव आहे ते आधी सांगा दादा." जमीन परत देतो म्हणणाऱ्या मोठ्या भावावर विश्वास कोण ठेवणार. शेवटी सरकारी मोजणी करायची ठरली, फी यांनी भरली, आणि मोजणी होईपर्यंत बाभळीपासून खालच्या अंगाला आपण वखर घालायचा नाही असं यांनीच सांगितलं. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूसमोर उभं राहून लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणाला. आमच्याकडे भूमी अभिलेख कार्यालयाची तारीख लागते. आत्याबाईंना यांनी स्वतः सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग, "मले आधीच सांगतलं असतं तं म्या तं माफ केलं असतं. पन धाकट्याले माफ करायले कोन सांगन?" यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. दीर अजून आमच्याकडे जेवायला येत नाहीत. हे मात्र आता मधल्या बाकावर बसतात आणि उपासना पूर्ण होईपर्यंत थांबतात. पत्र्यांच्या हिशेबाचं काय म्हणून विचारलं, तर "तो हिशेब चुकलेलाच आहे, पण माझा आधी" म्हणाले.

भाषेबद्दल दोन शब्द. ध्वनिमुद्रणाची मराठी पुस्तकी आहे. 'यास्तव', 'येणेप्रमाणे' हे आत्याबाईंना चालतं कारण कान लहानपणापासून तयार आहेत. आमच्या शेजारची, नव्यानं यायला लागलेली पोरगी मात्र पौलाच्या पत्रांत पार हरवते. शुभवर्तमानं, उत्पत्ती, रूथ, योना तिला कळतात. तिच्यासारखीनं तिथून सुरुवात करावी. हा प्रश्न आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं याच कामाला लावली होती, मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं. १९२२ मध्ये त्या गेल्या. शंभर वर्षं झाली, पेटीत अजून 'यास्तव'च आहे. पेटीत कोणी निदान एक शुभवर्तमान वऱ्हाडीत घातलं तर मी दोन पेट्या घेईन.

विक्रीनंतरची सेवा बरी म्हणावी लागेल. नाताळात नातवानं मेमरी कार्ड काढून त्यात डीजेची गाणी भरली आणि शास्त्र पुसलं गेलं. विक्रेत्याला फोन केला तर रागावला नाही, नवीन कार्ड पोस्टानं पाठवलं, पोस्टाचा खर्च तेवढा घेतला. कार्डाच्या खाचेवर आता मी चिकटपट्टी लावली आहे, तुम्हीही लावा.

पाचपैकी साडेतीन. एक तारा बटणांचा कापला, अर्धा श्रावणाचा. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, ज्यांना अक्षरओळख नाही किंवा नजर नाही, त्यांनी जरूर घ्यावी, पूर्ण ६६ पुस्तकांची घ्यावी आणि एका वेळी एक अध्याय लावावा. घरात कोणी तरणाताठा, वाचता येणारा माणूस असेल तर त्याला छापील शास्त्रच द्या, त्यात पेन्सिलनं खूण करता येते. आणि सोबत तुरीचे दोन-चार जास्तीचे दाणे ठेवा.